विधानसभेचे गणित आणि आपल्या घरची यादी

२० नोव्हेंबर २०२४ ची रात्र. विधानसभेचे मतदान आटोपून, यंत्रे आणि कागदपत्रे जमा करून आम्ही घरी पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. आम्ही माध्यमिक शाळेत शिक्षक. निवडणूक आली की आमच्या पेशातल्या माणसाला वर्ग सोडून मतदान केंद्रावर बसावे लागते. दिवसभर यादीतली नावे मोठ्याने वाचून घसा पार बसला होता. अम्मी जागी होती. ती ताट वाढत असताना सहज तिच्या डाव्या हाताकडे लक्ष गेले. तर्जनी कोरी होती.

“अम्मी, तू मत द्यायला गेली नाहीस?”

“गेले होते की. तास-दीड तास रांगेत उभी होते. यादीत नाव नाही म्हणाले. कार्ड दाखवलं, तरी नाही.”

१९७७ पासून एकही निवडणूक न चुकवलेली आमची अम्मी त्या दिवशी मत न देता परत आली होती. दुसऱ्या दिवशी यादी उघडून पाहिली. अम्मीचे नाव वगळलेले होते. तब्येतीसाठी ती मधले आठ-नऊ महिने मुंब्र्याला आमच्या बहिणीकडे होती, तेवढ्यात ‘स्थलांतरित’ म्हणून नाव गेले असावे. त्याच पानावर अब्बांचे नाव मात्र शाबूत होते. अब्बांच्या इंतिकालाला तेव्हा सहा वर्षे झाली होती.

चूक कोणाची म्हणावी? प्रारूप यादी प्रसिद्ध झाली होती, हरकतींसाठी मुदत होती. आम्ही त्याच काळात दुसऱ्या गावच्या मोहल्ल्यात दारोदार फिरून लोकांना “नावे तपासून घ्या” असे सांगत होतो. स्वतःच्या घरची नावे तपासायचे तेवढे राहून गेले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आमचा पुतण्या कॉलेजात आहे. तो हसून म्हणाला, “दादी, एवढं काय मनाला लावून घेतेस? तुझ्या एका मतावाचून सरकार अडलंय थोडंच? आणि मत देऊन तरी काय, निवडून आलेले उद्या कुठल्या पक्षात असतील ते त्यांनाही माहीत नसतं.”

अम्मी काही बोलली नाही. आम्हीही गप्प राहिलो. पण पुतण्याच्या बोलण्यात दोन प्रश्न होते आणि दोन्ही खरे होते. एका मताने काय होते? आणि निकालानंतर आकडेच बदलत असतील तर मत देऊन उपयोग काय? हे प्रश्न आज अनेक घरांत विचारले जातात, म्हणून त्यांचा विचार जरा सविस्तर करू.

विधानसभेच्या हातात काय असते?

आपल्याकडे चर्चा होते ती बहुधा दिल्लीची. पण रोजच्या जगण्यातल्या कितीतरी गोष्टी मुंबईत आणि नागपूरला भरणाऱ्या विधिमंडळाच्या अखत्यारीत येतात. पोलीस, सरकारी दवाखाने, जमीन, पाणी, शेती, नगरपालिका आणि ग्रामपंचायती हे विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिले आहेत. शिक्षण १९७६ च्या घटनादुरुस्तीनंतर केंद्र आणि राज्य अशा दोघांकडे आहे. म्हणजे मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेला शिक्षक मिळणार की नाही, तालुक्याच्या रुग्णालयात बाळंतपणासाठी डॉक्टर असणार की नाही, रात्री पोलीस ठाण्यात गेलेल्या माणसाची तक्रार घेतली जाणार की नाही, हे बऱ्याच अंशी राज्यात कोणाचे सरकार आहे आणि त्याला जाब विचारणारे सभागृहात किती आहेत यावर ठरते.

कोकणातल्या वाचकांना बॅ. अब्दुल रहमान अंतुले यांचे नाव सांगायला नको. रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे अंतुले जून १९८० ते जानेवारी १९८२ या काळात मुख्यमंत्री होते. महाराष्ट्राला लाभलेले ते आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. त्यांच्या कारकिर्दीत सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना आजही चालू आहे. मोहल्ल्यातली एखादी बेवा बँकेच्या दारात पासबुक घेऊन बसलेली दिसते, तिच्या हातात पडणारी रक्कम चार दशकांपूर्वी मुंबईत झालेल्या एका निर्णयातून आलेली असते. कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले आणि रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, तो काळही तोच. दीड वर्षाची सत्ता, पण तिच्या खुणा अजून आहेत.

बहुमताचा आकडा

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा आहेत. सरकार चालवायला निम्म्याहून अधिक, म्हणजे १४५ आमदारांचा पाठिंबा हवा. सारे राजकारण या एका आकड्याभोवती फिरते.

राज्य स्थापन झाल्यावर पहिली निवडणूक १९६२ साली झाली. तेव्हा २६४ जागा होत्या आणि काँग्रेसला २१५ मिळाल्या. १९७२ मध्ये २७० पैकी २२२. असा एकतर्फी काळ होता तो. १९७८ मध्ये चित्र बदलले. काँग्रेस दुभंगलेली होती आणि जनता पक्ष ९९ जागा घेऊन सर्वांत मोठा ठरला. तरीही दोन्ही काँग्रेस एकत्र येऊन वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. चार महिन्यांतच ते सरकार पडले आणि शरद पवारांनी पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे सरकार बनवले. आमच्या अब्बांना ही कहाणी तोंडपाठ होती. आमदारांची फोडाफोड काल-परवा सुरू झाली असे समजणाऱ्या तरुणांनी १९७८ चे साल लक्षात ठेवावे.

१९८० मध्ये इंदिरा काँग्रेसला १८६ आणि १९८५ मध्ये काँग्रेसला १६१ जागा मिळाल्या. त्यानंतर आजपर्यंत एकाही पक्षाला स्वतःच्या बळावर १४५ गाठता आलेले नाही. १९९० मध्ये काँग्रेस १४१ वर थांबली, चार कमी पडले. १९९५ मध्ये शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५, मिळून १३८. सात कमी पडले. त्या वेळी ४५ अपक्ष निवडून आले होते. त्यांच्या मदतीने युतीचे सरकार आले आणि मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. १९९९ मध्ये काँग्रेस ७५ आणि नव्याने स्थापन झालेला राष्ट्रवादी ५८, मिळून १३३. निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढलेले हे दोन पक्ष निकालानंतर एकत्र आले आणि इतरांना सोबत घेऊन सत्तेवर बसले. २०१४ मध्ये भाजप १२२ वर पोहोचला, पण २३ कमीच होते.

चार, सात, बारा, तेवीस. इतक्या थोड्या आमदारांच्या कमी-जास्तीने राज्याची सत्ता कोणाकडे जाणार हे ठरत आले आहे.

सत्ता बदलली की काय होते?

याचे एक उदाहरण आमच्या शाळेच्या ओसरीवरचे आहे. २००८ मध्ये राज्य सरकारने मुस्लिमांच्या शैक्षणिक व सामाजिक स्थितीचा अभ्यास करण्यासाठी डॉ. महमूद-उर-रहमान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. पुढे जुलै २०१४ मध्ये तेव्हाच्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने वटहुकूम काढून मराठा समाजाला १६ टक्के आणि मुस्लिम समाजातील मागास घटकांना ५ टक्के आरक्षण दिले.

त्या दिवसांत शाळेत पालकांची रांग लागली होती. कोणाला जुना दाखला हवा, कोणाला आजोबांच्या नावाचा उतारा. एक रिक्षाचालक बाप मुलीला इंजिनिअरिंगला घालायचे म्हणून कागद गोळा करत होता. आमच्याकडे तो तीनदा आला.

ऑक्टोबर २०१४ मध्ये निवडणूक झाली, सभागृहातले संख्याबळ बदलले, सरकार बदलले. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात मराठा आरक्षणाला आणि मुस्लिमांच्या नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली. मुस्लिमांच्या शिक्षणातील ५ टक्क्यांना मात्र तेव्हा आडकाठी केली नाही. पण वटहुकूम कायमचा नसतो. विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात मराठा आरक्षणाचा कायदा मंजूर झाला. मुस्लिम आरक्षणाचे विधेयक आले नाही आणि वटहुकूम संपला.

आरक्षण धर्माच्या की मागासपणाच्या आधारे, यावर आपल्या समाजातही वेगवेगळी मते आहेत आणि तो वाद या लेखाचा विषय नाही. सांगायचे इतकेच की आधीच्या सरकारनेही हा निर्णय निवडणूक तोंडावर आल्यावर, वटहुकमाच्या वाटेने घेतला. अहवाल हाती असताना वेळेवर कायदा केला असता तर तो सहा आठवड्यांत विरून गेला नसता. पक्ष कोणताही असो, “घोषणा केली” आणि “कायदा केला” यांतला फरक आपण विचारायला शिकले पाहिजे. त्या बापाच्या पिशवीतल्या कागदांचे पुढे काय झाले, ते आम्ही त्याला विचारू शकलो नाही.

निकालानंतर आकडे कसे बदलतात?

आता पुतण्याचा दुसरा प्रश्न. निवडून आलेला आमदार पक्ष सोडू शकतो का? पक्षांतर रोखण्यासाठी १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती झाली आणि राज्यघटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. त्यात एक पळवाट होती. पक्षाचे एक तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती ‘फूट’ समजली जाई आणि त्यांची आमदारकी वाचत असे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ही सवलत काढली. आता दोन तृतीयांश आमदार दुसऱ्या पक्षात विलीन होण्यास तयार असतील तरच संरक्षण मिळते.

शेजारच्या गोव्यात काय झाले ते पाहा. तिथे ४० जागा, बहुमत २१ चे. २०१७ मध्ये काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ जागा मिळाल्या, पण इतरांना जोडून सरकार भाजपने बनवले. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या उरलेल्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. पंधराचे दोन तृतीयांश किती, हे सहावीतला मुलगाही सांगेल.

महाराष्ट्रात २०१९ मध्ये भाजपला १०५ आणि शिवसेनेला ५६ जागा होत्या. एकत्र लढलेल्या या युतीकडे १६१ आमदार होते, तरी मुख्यमंत्रिपदावरून ती तुटली. २३ नोव्हेंबरच्या पहाटे-सकाळी एक शपथविधी झाला. सर्वोच्च न्यायालयाने सभागृहात बहुमत सिद्ध करायला सांगताच ते सरकार गेले. मग ५६, ५४ आणि ४४ अशी बेरीज करून महाविकास आघाडीचे सरकार आले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटला. एकाच विधानसभेने देवेंद्र फडणवीस, उद्धव ठाकरे आणि एकनाथ शिंदे असे तीन मुख्यमंत्री पाहिले. आमदार अपात्र की पात्र हे ठरवायचा अधिकार विधानसभा अध्यक्षांना असतो आणि अध्यक्ष निवडतो तोही सभागृहातल्या बहुमतानेच. शिवसेनेच्या प्रकरणात हा निर्णय जानेवारी २०२४ मध्ये आला. फूट पडून दीड वर्ष उलटले होते.

हे सारे पाहून मन खट्टू होते, हे आम्हालाही कबूल आहे. पण यावर उपाय घरी बसणे हा नाही. आमदाराने पक्ष बदलला तर त्याला पुन्हा आपल्याच दारात यावे लागते. तेव्हा विचारायचे कोणी? ज्यांचे नाव यादीत आहे त्यांनी.

मते किती, जागा किती

२०२४ च्या निकालात भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ४१ अशा महायुतीच्या तीन मुख्य पक्षांना २३० जागा मिळाल्या. समोर ठाकरे यांच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीला १०. महायुतीच्या या तीन पक्षांची मते सुमारे ४८ टक्के आणि जागा जवळपास ८० टक्के.

आणखी गंमत पाहा. शरद पवारांच्या पक्षाला ११ टक्क्यांहून अधिक मते मिळाली आणि जागा १०. अजित पवारांच्या पक्षाला सुमारे ९ टक्के मते आणि जागा ४१. यात कोणी कोणते मतदारसंघ किती लढवले हा भाग आहेच. पण मुख्य कारण आपल्या पद्धतीत आहे. इथे मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मते, तो विजयी. दुसऱ्या क्रमांकाची सगळी मते वाया. म्हणून राज्यात एकूण मते किती यापेक्षा ती कुठे आणि किती विखुरली, याला महत्त्व येते.

या निकालाचा एक परिणाम असा की विधानसभेत विरोधी पक्षनेत्याचे पद मिळायला लागणारे २९ आमदार, म्हणजे एकूण सदस्यांच्या दहाव्या हिश्शाइतके, एकाही विरोधी पक्षाकडे उरले नाहीत. सत्ता कोणाचीही असो, समोर जाब विचारणारा भक्कम नसेल तर नुकसान शेवटी सामान्य माणसाचेच होते.

मुस्लिम आमदार किती, असा प्रश्न निकालानंतर हमखास विचारला जातो. २०२४ मध्ये दहा निवडून आले. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात मुस्लिमांची संख्या सुमारे साडेअकरा टक्के आहे, त्या मानाने हे कमी आहेत. पण हे दहाजण सहा वेगवेगळ्या पक्षांचे आहेत, सत्तेतही आणि विरोधातही. आणि बहुसंख्य मुस्लिम कुटुंबांचा आमदार मुस्लिम नाही. तो आपला नाही असे मानून आपण त्याच्याकडे जातच नाही, ही आपली चूक. शाळेची खोली, कब्रस्तानची भिंत, नळाचे पाणी यांसाठी त्याच्याच दाराशी जायचे आहे, आणि ते मागणे मेहरबानी म्हणून नव्हे.

१६२ मते

आता पहिला प्रश्न. २०२४ मध्ये मालेगाव मध्य मतदारसंघात एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल १६२ मतांनी जिंकले. साकोलीत काँग्रेसचे नाना पटोले २०८ मतांनी. बेलापुरात भाजपच्या मंदा म्हात्रे ३७७ मतांनी. १६२ म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली पन्नास-साठ घरे. लग्नाच्या एका पंगतीत याहून जास्त माणसे बसतात.

याहून पुढचेही घडले आहे. २००४ मध्ये कर्नाटकातल्या संतेमरहळ्ळीत आणि २००८ मध्ये राजस्थानातल्या नाथद्वाऱ्यात उमेदवार एका मताने हरले. फक्त एका. नाथद्वाऱ्यात हरले ते सी. पी. जोशी, त्यांच्या पक्षाचे प्रदेशाध्यक्ष.

आमचे अब्बा मताला ‘गवाही’ म्हणत. साक्ष द्यायला बोलावले असता गेलेच नाही, तर निकाल चुकीचा लागला म्हणून ओरडता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. कोणाला मत द्यायचे हे त्यांनी घरात कोणालाही, अगदी अम्मीलाही कधी सांगितले नाही. आम्हीही वाचकांना सांगणार नाही. ते ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्या घरची यादी

मतदानानंतरच्या जुम्याला आम्ही शाळेच्या जुन्या वहीचे एक पान घेतले आणि घरातल्या सर्वांची नावे लिहिली. आठ नावे, आणि त्यांतल्या पाचांमध्ये काही ना काही गडबड. वाचकांच्या घरीही अशीच निघेल, म्हणून सांगतो.

अम्मीचे नाव वगळलेले. तिच्यासाठी नव्याने नोंदणीचा नमुना ६ भरला. ओळखपत्र जवळ असले तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. आपल्याकडे कार्ड जपून ठेवतात, यादी कोणी पाहत नाही.

भाबीचे नाव निकाहनंतर पंधरा वर्षांनीही माहेरच्या गावी होते. त्यासाठी नमुना ८. पत्ता बदलणे आणि नावातली चूक सुधारणे, दोन्हीला तोच चालतो. उर्दूतले नाव मराठीत उतरताना फातिमाची फातमा आणि शेखची शैख होते. कागदोकागदी ही नावे एकसारखी करून घ्यावीत.

अब्बांचे नाव कमी करायला नमुना ७ भरला. तो भरताना हात जड झाला होता. पण मयत माणसाचे नाव यादीत राहणे म्हणजे गैरप्रकाराला दार उघडे ठेवणे.

धाकटा भाऊ कुवेतला असतो. परदेशातल्या भारतीय नागरिकाला नमुना ६ अ भरून नाव नोंदवता येते, पण मत द्यायला स्वतः गावी, आपल्या केंद्रावर यावे लागते. घरच्यांनी त्याच्या वतीने मत द्यायची सोय नाही आणि तसे कोणी करूही नये. मुंबईला आणि गावाला अशी दोन ठिकाणी नावे ठेवणेही कायद्याने गुन्हा आहे. एकच ठेवावे.

आणि पुतण्या, जो दादीला हसला होता? तो एकोणीस वर्षांचा, पण त्याचे नाव यादीतच नव्हते. आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चारही महिन्यांच्या पहिल्या तारखेला अठरा पूर्ण होणाऱ्यांना नोंदणी करता येते. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही देता येतो. घरातल्या मुलींचे अर्ज मुलांच्या बरोबरीने भरावेत. “निकाह झाल्यावर सासरी नाव लागेल” म्हणून थांबू नये.

एक मात्र ध्यानात असू द्यावे. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की यादीत काहीही बदलता येत नाही. मतदानाच्या सकाळी केंद्रावर कितीही वाद घातला तरी समोर बसलेल्या शिक्षकाच्या हातात काही नसते. आम्ही त्या खुर्चीत बसलो आहोत. यादीत नाव नाही म्हणून माघारी फिरणारी म्हातारी माणसे आम्ही पाहिली आहेत, फक्त त्यांत आपली अम्मी कधी असेल असे वाटले नव्हते. पडद्यातल्या स्त्रियांची ओळख पटवण्यासाठी केंद्रावर महिला कर्मचाऱ्याची सोय करता येते. तेव्हा त्या कारणाने घरी राहू नये.

दोन महिन्यांनी अम्मीचे नाव यादीत आले. आम्ही मोबाइलवर पान उघडून दाखवले. तिने चष्मा लावून नाव, वय, घर क्रमांक सगळे वाचून पाहिले. मग विचारले, “आणि याचं आलं का?” पुतण्याचे नाव दोन ओळी खाली होते. त्याने ते आपणच वाचून दाखवले.